शिल्लक सौर वीज बायोगॅसमध्ये भरून ठेवता येईल का? (आकडेमोड आणि व्यवहार)

कातळसडा

विषय असा आहे. गोठ्याचा बायोगॅस आहे, घुमटाचा, रोज २५० किलो शेण आणि तेवढंच पाणी, गॅस साधारण १० घनमीटर. छपरावर १० किलोवॅट सोलर. रोहित्राची क्षमता भरल्यामुळे नेट मीटरिंग (शिल्लक वीज ग्रिडला देणं) पूर्ण मंजूर होत नाही, म्हणून फेब्रुवारी ते मे दुपारची जवळपास २० युनिट वीज रोज वाया जाते. पावसात गणित उलटं: सोलर निम्म्याखाली आणि वीज जाते ती वेगळीच.

बायोगॅसमधला ४० टक्के कार्बन डायऑक्साइड निव्वळ ओझं आहे. दुपारच्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढून तो त्याच्याशी जोडला तर मिथेन होतो. दुसरा मार्ग वाचनात येतो तो थेट टाकीतच इलेक्ट्रोड सोडण्याचा, म्हणजे हायड्रोजनचा मधला टप्पाच नको. कोकणातल्या लहान प्रकल्पाला यातलं काय झेपेल? जाणकारांनी आकडे मांडावेत. "पर्यावरणासाठी चांगलं" हे सर्वांना मान्य आहे, ते नको.

तिरफळ

आकड्यांपासूनच सुरू करू.

कार्बन डायऑक्साइडच्या एका भागाला हायड्रोजनचे चार भाग लागतात. त्यातून मिथेनचा एक भाग आणि पाणी. एक घनमीटर हायड्रोजन काढायला चांगल्या इलेक्ट्रोलायझरलाही (विजेने पाणी फोडणारं यंत्र) साडेचार ते पाच युनिट लागतात. म्हणजे १ घनमीटर जादा मिथेनमागे धरा २० युनिट. त्या मिथेनमध्ये उष्णता १० युनिटची. अर्धी वीज इथेच गेली.

तुमच्या टाकीतला सगळा ४ घनमीटर कार्बन डायऑक्साइड वापरायचा तर १६ घनमीटर हायड्रोजन, म्हणजे रोज ८० युनिट हवेत. तुमच्याकडे २० आहेत. म्हणजे रोज १ घनमीटर मिथेन, अंदाजे पाऊण किलो एलपीजीच्या तोडीचा. तोच गॅस लहान जनरेटरला दिला तर २५ टक्क्यांनी अडीच युनिट परत. वीस घालून अडीच. लिथियम बॅटरी इन्व्हर्टरचे फटके धरूनही सोळा-सतरा देते.

आणि स्वयंपाकच करायचा असेल तर २० युनिट सरळ इंडक्शनवर घाला, १७ युनिट उष्णता भांड्यात जाते. मिथेन करून शेगडीवर जाळला तर साडेपाच. तिपटीचा फरक आहे.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी: या क्रियेत गॅसचं आकारमान वाढत नाही. एक भाग कार्बन डायऑक्साइड जाऊन तिथे एक भाग मिथेन येतो. फुगा तेवढाच राहतो, आतला गॅस दमदार होतो. साठवणुकीच्या दृष्टीने ही खरी जमेची बाजू.

बांधावरून

आकडो बघून घाम फुटलो. :)

पण तिरफळ, बॅटरीशी तुलना एका रात्रीपुरती ठीक. निसर्ग वादळानंतर (जून २०२०) दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. तेवढ्या काळाला पुरणारी बॅटरी कोण घेणार? साठा किती दिवसांचा हवा हे आधी ठरवा, मग गॅस की बॅटरी ते बोला.

तिरफळ

मुद्दा रास्त. पण मग गॅस ठेवणार कुठे? रोज १० घनमीटर गॅस देणाऱ्या घुमटात एका दिवसाच्या गॅसचा तिसरा हिस्सा मावतो. फुगा लावला तर आणखी एक-दोन दिवस. महिन्याचा साठा म्हणजे २०० बारला दाबून सिलिंडर, कॉम्प्रेसर, पेसोची (स्फोटक वस्तूंवर देखरेख करणारी केंद्रीय संस्था) परवानगी. ते घरगुती काम नाही. जर्मनीत याला अर्थ आला कारण तिथे गॅसच्या वाहिन्या आणि जमिनीखालचे प्रचंड साठे आधीच होते. मिथेन तिथे सोडला की ऋतूभराची साठवण फुकटात मिळते.

वायुपुत्र

युरोपातली उदाहरणं थोडक्यात, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. जर्मनीत वेर्ल्टे इथे ऑडीचा प्रकल्प २०१३ ला सुरू झाला, ६ मेगावॅटचे इलेक्ट्रोलायझर, कार्बन डायऑक्साइड शेजारच्या बायोगॅस प्रकल्पाचा. मिथेन मात्र रासायनिक उत्प्रेरकावर, २५०-३०० अंशांच्या पुढे. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ आवेडोरेच्या सांडपाणी केंद्रात १ मेगावॅटचा बायोकॅट प्रकल्प झाला, तिथे हेच काम मिथेन करणाऱ्या आर्कियांनी (जीवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या वर्गातले सूक्ष्मजीव) ६०-६५ अंशांना केलं.

आपल्याला दुसरा मार्ग जवळचा. निकेलच्या उत्प्रेरकाला हायड्रोजन सल्फाइड विष आहे, त्याआधी गॅस धुऊन लख्ख करावा लागतो. आर्कियांना थोडं सल्फाइड चालतं, उलट गंधक त्यांना लागतंच. उष्ण प्रजाती सोडा. आपल्याकडे बारा महिने २५ ते ३२ अंश असतात, त्या तापमानाला शेणातलाच हायड्रोजन खाणारा समूह काम करतो. घाटावर थंडीत टाक्या मंदावतात तशा इथे मंदावत नाहीत. कोकणाचा हा फायदा कोणी मोजत नाही.

नवखा

मग इलेक्ट्रोलायझरची नळी सरळ घुमटाच्या टाकीत तळाशी सोडली तर? वेगळी टाकी कशाला?

तिरफळ

दोन कारणांनी नाही.

पहिलं, हायड्रोजन पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना. २५ अंशांना लिटरभर पाण्यात जेमतेम दीड मिलिग्रॅम. कार्बन डायऑक्साइड त्याच पाण्यात जवळपास दीड ग्रॅम, म्हणजे हजारपट. नळीतून सुटलेला बुडबुडा दोन मीटर स्लरी (शेणकाला) सात-आठ सेकंदांत चढून जातो आणि घुमटात जाऊन बसतो. घुमटाच्या टाकीत ढवळणी नाही. तुम्ही मिथेन बनवत नाही, घुमटात हायड्रोजन भरत आहात. तो चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत हवेत पेट घेतो, ज्योत दिवसा दिसत नाही, आणि मिथेनसाठी बनवलेल्या सांध्यांतून पाझरतो.

दुसरं कारण सूक्ष्म आहे. टाकीत प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक आम्ल मोडणारे जीवाणू स्वतःच हायड्रोजन सोडतात आणि तो आजूबाजूला जवळजवळ शून्य असेल तरच त्यांचं चालतं, वातावरणाच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा. वरून हायड्रोजन लोटला की त्यांचं काम थांबतं, आम्लं साचतात, आठवड्याभरात आंबट वास आणि गॅस बंद. हायड्रोजन नीट विरघळला तर जीवाणू अडखळतात, नाही विरघळला तर घुमट धोक्याचा. मधली वाट फार अरुंद आहे: पोकळ तंतूंचे पडदे, बारीक सिरॅमिक डिफ्युजर, गॅस पुन्हा पुन्हा फिरवणं. मोठ्या ढवळणीच्या टाकीत जमतं, घुमटात नाही.

खाजण

याला पीएचचा तिसरा मुद्दा जोडतो, कारण मासळीचं पाणी वा टाकाऊ भाग घालणाऱ्यांना तो भोवेल.

कार्बन डायऑक्साइड गेला की स्लरीचा पीएच चढतो आणि किती चढेल ते कागदावर काढता येतं. बायकार्बोनेट तेवढंच धरलं तर गॅसमधलं त्याचं प्रमाण चौथाईवर आलं की पीएच ०.६ ने वाढतो. ४० टक्क्यांवरून १० वर आणलात तर ७.३ चा ७.९. पाच टक्क्यांवर नेलंत तर ८.२. साडेआठच्या जवळ गेलं की मिथेन करणारे हात वर करतात.

मासळीच्या टाकाऊमध्ये अमोनिया भरपूर. तीस अंशांना पीएच ७.५ असताना त्यातला अडीच टक्के मुक्त स्वरूपात असतो, ८.३ ला चौदा टक्के. विषारी भाग तो मुक्तच. म्हणजे आधी ठीक चाललेली मासळीची टाकी हायड्रोजन दिल्यावर अमोनियाने बसेल आणि दोष भलत्याच गोष्टीला जाईल.

उलट बाजूने पाहिलं तर आंबट माल असेल तिथे हा चढता पीएच कामाला येतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात २०१३ च्या सुमारास शेणाबरोबर चीज कारखान्यातलं आंबट पाणी घालून टाकीतच हायड्रोजन दिला, आम्लाने पीएच खाली ओढून धरला. आपल्याकडे ते काम काजूच्या बोंडूचा रस करील. त्यात दहाएक टक्के साखर आणि पीएच चार-साडेचार. शिवाय साखरेचा गॅस निम्मा-निम्मा निघतो, म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त. फक्त बोंडूत टॅनिन आहे, शेणाशिवाय नुसता रस चालवू नये.

कातळसडा

वाचनखूण साठवली. म्हणजे टाकीत हायड्रोजन नको, वेगळा स्तंभ (बायोगॅस आणि हायड्रोजन एकत्र आणणारी उभी, अरुंद टाकी) हवा, एवढं कळलं. पण इलेक्ट्रोडचं कोणी बोलत नाही. "टाकीत ०.८ व्होल्ट द्या, गॅस ३० टक्के वाढतो", "कार्यक्षमता १०० टक्क्यांहून जास्त" असे दावे दिसतात.

मीठआगर

याच प्रश्नाची वाट पाहत होतो. लांब लिहितो.

मूळ शोध खरा आहे. २००९ मध्ये अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात लोगन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर) वाढलेले आर्किया विजेचे इलेक्ट्रॉन घेऊन कार्बन डायऑक्साइडचा मिथेन करतात. यात खोट नाही. खोट पुढच्या हिशेबात आहे, आणि तो हिशेब एकाच प्रश्नावर टेकलेला आहे: इलेक्ट्रॉन आला कुठून?

मिथेनच्या एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन लागतात. ॲनोडला (धन इलेक्ट्रोडला) ते दोन ठिकाणांहून मिळतात. एक, पाणी फोडून. दोन, स्लरीतलं ॲसेटिक आम्ल फोडून. ॲसेटिक आम्ल फोडणं सोपं, म्हणून ०.६ ते १ व्होल्टवर करंट वाहू लागतो. विजेचा खर्च मिथेनच्या घनमीटरमागे साडेसात युनिट, मिळणारी उष्णता दहा. झाली "१०० टक्क्यांहून जास्त" कार्यक्षमता.

आता ॲसेटिक आम्लाच्या एका रेणूत इलेक्ट्रॉन किती? आठच. आणि निरोगी टाकीत तो रेणू विजेशिवाय काय देतो? मिथेनचा एक रेणू. म्हणजे वीज घालून तुम्ही तेच मिळवलंत जे शेण तुम्हाला फुकट देत होतं. एका खिशातलं दुसऱ्या खिशात. वीज साठली नाही.

वीज साठवायची तर इलेक्ट्रॉन पाण्यातूनच यायला हवा. मग किमान १.०६ व्होल्ट आणि व्यवहारात दोन. दोन व्होल्टला घनमीटरमागे १९ युनिट लागतात, म्हणजे तिरफळ यांनी इलेक्ट्रोलायझरचा जो आकडा दिला तोच. बचत शून्य.

मग काही ठिकाणी गॅस वाढलेला दिसतो तो का? एक, इलेक्ट्रोडच्या ग्राफाइट फेल्टवर (कार्बनच्या नमद्यावर) जीवाणूंना बसायला जागा मिळते, करंट नसला तरी. दोन, न पचलेला भाग जरा लवकर फुटतो. शेणाचा मुक्काम कमी असलेल्या टाकीत हा फायदा खरा असतो. तीन, आणि हे फार ठिकाणी सापडेल, ॲनोड लोखंडाचा वा साध्या स्टीलचा असतो आणि तो झिजतो. लोखंड गंजताना हायड्रोजन सुटतो, त्याचा मिथेन होतो, लोखंड सल्फाइडही धरून ठेवतं म्हणून वास कमी होतो. सगळे खूश. सहा महिन्यांनी ॲनोड काढला की हातात चाळणी येते.

म्हणून कोणी किट विकायला आलं तर एकच मागणी करा: तीच टाकी, तेच इलेक्ट्रोड, तार काढून चार आठवडे चालवून दाखवा. फरक विजेने पडतो की नुसत्या फेल्टने ते तिथे कळतं.

नवखा

पण थोडा तरी गॅस वाढेल ना करंटने? इलेक्ट्रोड मोठे घेतले तर?

मीठआगर

मोजून घ्या. एक ॲम्पिअर चोवीस तास वाहिला तर मिथेन अडीच लिटर. यापेक्षा जास्त नाही, हा फॅराडेचा नियम आहे, कंपनीचा नाही. शेणाच्या स्लरीत चौरस मीटरला दोन ॲम्पिअर टिकले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे चौरस मीटरच्या फेल्टमागे पाच लिटर. धागाकर्त्यांची टाकी रोज सहा हजार लिटर मिथेन देते. हजार लिटर वाढवायला ४०० ॲम्पिअर आणि २०० चौरस मीटर इलेक्ट्रोड. टाकीत शेणाला जागा राहणार नाही.

तरी ज्यांना बरणीत करून पाहायचंच आहे त्यांच्यासाठी किनाऱ्यावरची खास सूचना. खाडीलगतच्या विहिरीचं पाणी, मासळी धुतलेलं पाणी, यात क्लोराइड असतं. व्होल्टेज चढलं की ॲनोडवर ऑक्सिजनबरोबर क्लोरीन सुटतो. तो जीवाणूंना मारतो आणि ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीललाही टोचे पाडतो. पोहण्याच्या तलावासाठी मिठापासून क्लोरीन करणाऱ्या यंत्राच्या टायटॅनियम पट्ट्या स्वस्तात मिळतात आणि लोक त्या वापरतात. त्यांच्यावर रुथेनियमचा लेप असतो आणि तो लेप क्लोरीन निघावा म्हणूनच दिलेला असतो! इरिडियमचा लेप घ्या आणि ॲनोड पडद्याआड वेगळ्या कप्प्यात, गोड्या पाण्यात ठेवा. एकाच कप्प्यात दोन व्होल्ट देऊ नका, ऑक्सिजन मिथेनमध्ये मिसळतो.

समुद्राच्या पाण्यात लिटरला २.७ ग्रॅम सल्फेटही असतं. हायड्रोजन मिळाला की सल्फेट खाणारे जीवाणू आर्कियांच्या आधी ताटावर बसतात आणि मिथेनऐवजी हायड्रोजन सल्फाइड देतात. खारं पाणी शिरणाऱ्या टाकीला हा सगळा खेळ नको.

खाजण

सहमत, एक अपवाद नोंदवतो. अमोनियाने ॲसेटिक आम्ल पचवणारे आर्किया दबलेले असतील, म्हणजे मासळीच्या टाकीत, तिथे ॲनोड ते आम्ल उचलून टाकी सावरायला मदत करू शकतो. तो उपयोग औषधाचा. साठवणुकीत तो धरू नये.

कातळसडा

मग वेगळ्या स्तंभाचा लहान प्रयोग कसा करावा? पूर्ण २० युनिटचा नाही, समजून घेण्यापुरता.

वायुपुत्र

१०० लिटर भरणाचा स्तंभ धरू. उभा, अरुंद, उंची व्यासाच्या पाच-सहापट. ३०० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप दीड मीटर उंच घेतला की जवळपास तेवढं होतं. भरणाला, म्हणजे आर्कियांना बसायला जागा म्हणून, २५ मिलिमीटरच्या कंड्युट पाईपचे इंचभर तुकडे किंवा बाजारातले प्लास्टिकचे पॉल रिंग. जांभ्याची खडी टाकू नका, भुगा होऊन खालच्या पंपात जाते. नारळाची सोडणं तर नकोच, ती स्वतः कुजतात आणि हिशेब बिघडतो.

वरून शिंपडायला टाकीतून बाहेर पडणारी स्लरी दुहेरी कापडातून गाळून, १५-२० लिटर. त्यात आर्कियाही आहेत आणि नत्र, लोह, निकेल, कोबाल्ट हे खाणंही. छोट्या पंपाने तासाला काही मिनिटं फिरवा, सतत नको. भरण ओलं हवं, पण पाण्याचा थर जाड झाला की हायड्रोजन पुन्हा आत पोचत नाही. क्रियेतून पाणी तयार होतं, त्यामुळे खालचं द्रव हळूहळू वाढतं आणि पातळ होतं. दर आठवड्याला तिसरा हिस्सा काढून ताजं गाळलेलं द्रव भरा. हे विसरलं की महिन्या-दोन महिन्यांत वेग पडतो आणि कारण सापडत नाही.

वेगाचा अंदाज सुरुवातीला दिवसाला लिटरमागे एक लिटर मिथेन. मुरलेला स्तंभ याच्या काही पट देतो, पण पहिल्या महिन्यात तेवढंच धरा. म्हणजे तासाला हायड्रोजन १७ लिटर. एका सेलमध्ये एक ॲम्पिअर तासाला ०.४२ लिटर देतो, म्हणून आठ सेल एकामागे एक आणि ५ ॲम्पिअर. सेलला दोन व्होल्ट म्हणजे १६ व्होल्ट, ८० वॅट. एका लहान पॅनेलचं काम. त्याबरोबर बायोगॅस तासाला ११ लिटर. असं केल्याने हायड्रोजन चारपटीपेक्षा किंचित कमी राहतो आणि शेवटी उरलाच तर कार्बन डायऑक्साइड उरतो. द्रवाचा पीएचही त्यामुळे जरा कमी चढतो.

मीठआगर

इलेक्ट्रोलायझरबद्दल ठळक अक्षरात लिहितो: मोटारीत बसवायला विकतात ते एचएचओ किट वापरू नका. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकाच नळीतून, स्फोटासाठी नेमक्या प्रमाणात मिसळून येतात. ऑक्सिजन आर्कियांनाही मारतो. दोन गॅस वेगळे देणारा, मधे पडदा असलेला सेलच हवा.

द्रव पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं २५ ते ३० टक्के, पाणी बॅटरीत घालतो ते डीएम. विहिरीचं अजिबात नको. विरघळवताना द्रव उकळत्यासारखं तापतं: पाण्यात पोटॅश घाला, पोटॅशवर पाणी नाही; डोळ्यांना चष्मा. ऑक्सिजनची नळी उघड्यावर, छपराच्या वर. ढग आले की करंट पडतो आणि तेव्हाच धोका वाढतो, कारण गॅस कमी निघतो पण पडद्यातून पाझरणारा हायड्रोजन तेवढाच राहतो. ऑक्सिजनमध्ये त्याचं प्रमाण दोन टक्क्यांवर गेलं की मोठी यंत्रं आपोआप बंद होतात. लहान सेलला नियम: पूर्ण करंटच्या पाचव्या हिश्शाखाली गेलं की रिले तोडा. पावसाळ्यात म्हणजे बहुतेक दिवस बंदच.

शेड बंद नको. हायड्रोजन वर चढतो, कौलांखाली साचतो. आढ्याच्या कोन्याला जाळीची फट ठेवा. स्विच, पंखा, पंपाचा स्टार्टर शेडबाहेर.

बांधावरून

गॅस मोजायचा कसा ते सांगा की. हातातलं बायोगॅस मीटर चालेल?

वायुपुत्र

अर्धवट. इन्फ्रारेड मीटरला मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड दिसतो, हायड्रोजन दिसत नाही. आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर हायड्रोजनला फसतो, आकडा उगाच चढतो.

त्यापेक्षा आकारमान मोजा. समीकरण पाहा: कार्बन डायऑक्साइडचा एक भाग जातो, मिथेनचा एक येतो, हायड्रोजन नाहीसा होतो. म्हणजे सगळं नीट चाललं तर बाहेर पडणारा गॅस हा आत गेलेल्या बायोगॅसइतकाच असतो. ११ लिटर बायोगॅस आणि १७ लिटर हायड्रोजन आत, बाहेर ११. बाहेर १५ आला तर चार लिटर हायड्रोजन तसाच निसटला. पाण्यात पालथी घातलेली, खुणा केलेली बादली एवढ्याला पुरते. जोडीला मोठ्या सिरिंजमध्ये ५ टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून गॅस हलवा, जेवढा आटला तेवढा कार्बन डायऑक्साइड.

बाहेर ११ पेक्षा कमी आला तर खूश होऊ नका, ती गळती आहे. म्हणून सुरुवातीलाच हवेने ५० सेंटिमीटर पाण्याचा दाब देऊन रात्रभर ठेवा. मग नुसत्या बायोगॅसने स्तंभाच्या चार-पाचपट गॅस घालवून हवा बाहेर काढा, त्यानंतरच हायड्रोजन. हायड्रोजनही पहिल्या आठवड्यात चौथाई, मग निसटण्याचा आकडा पाहून वाढवत. पहिले तीन-चार आठवडे निम्मा निसटेल, ते अपेक्षित आहे.

बांधावरून

झकास. आता माझा वेगळा सूर. तुम्ही गॅस साठवण्याच्या मागे आहात, मी म्हणतो माल साठवा.

बोंडू फेब्रुवारी ते मे, आंब्याची साल-बाठे आणि फणसाची चारखंडं (काटेरी साली) मेपर्यंत, आणि अडचण जून ते सप्टेंबर. चाऱ्याचा मुरघास करतात तसा बोंडूच्या चोथ्याचा मुरघास करा. २०० लिटरचे निळे ड्रम, चोथा आणि भाताचा चिरलेला पेंढा. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा पण थेंब पडू नये. पायाने तुडवून हवा काढा, काठोकाठ भरा, झाकणाला एकतर्फी वाल्व किंवा पाण्यात बुडवलेली नळी. दोन आठवड्यांत पीएच चारखाली जातो आणि मग पावसाळाभर टिकतो. बिघडतो तो दोनच कारणांनी: वर हवेची पोकळी राहिली, किंवा झाकणातून पागोळी आत गेली.

रस न काढता बोंडू ठेचून पेंढ्यासह भरला तर ड्रममध्ये १५० किलो सहज. १०० किलोला ५ घनमीटर धरले तरी ड्रममागे साडेसात घनमीटर गॅस. तेवढाच गॅस फुग्यात ठेवायला एक खोली लागते.

तिरफळ

हे गणित मला आवडलं. २०० लिटरमध्ये साडेसात हजार लिटर गॅस, म्हणजे सदतीसपट आकुंचन, कॉम्प्रेसर न लावता. हा गॅस ५०-५५ टक्क्यांचा, जनरेटरमधून ड्रममागे ९-१० युनिट. वीस ड्रम म्हणजे जवळपास २०० युनिट. एवढी बॅटरी किती रुपयांची होईल ते ज्याचं त्याने पाहावं.

शिवाय मुरलेल्या मालात आम्लं आधीच तयार असतात, टाकीत घातल्यावर काही तासांतच गॅस चढतो. म्हणजे वीज गेली की घाला, असं हुकमी चालवता येतं. अर्थात सवय लावून. २५ घनमीटरच्या टाकीला रोज २५ किलोने सुरुवात, दर आठवड्याला थोडं वाढवत १०० किलोपर्यंत. एकदम १०० घातलं तर आंबलीच. आम्ल आणि क्षारता यांचं गुणोत्तर ०.४ च्या वर गेलं की दोन दिवस फक्त शेण.

कातळसडा

म्हणजे माझी २० युनिट वीज तशीच वाया?

तिरफळ

का? दुपारी बोंडू ठेचायचं यंत्र, स्लरीचा पंप, पाणी चढवणं, इंडक्शन, बंदराजवळ असाल तर बर्फ. शिल्लक वीज आधी अशा कामांना जोडा. एवढं करूनही उरलीच तर स्तंभ.

वायुपुत्र

स्तंभाला कोकणात जागा आहे, पण ती घरगुती नाही. जिथे बायोगॅस धुऊन सीबीजी (दाबून भरलेला शुद्ध बायोगॅस) करतात तिथे वेगळा झालेला कार्बन डायऑक्साइड टनावारी हवेत सोडतात. तो जवळजवळ शुद्ध असतो. त्याच्या शेजारी फुकट जाणारी मेगावॅटची वीज असेल आणि गॅस वाहिनीत सोडता आला, तर गणित जुळू शकतं. दाभोळहून गेलची वाहिनी बंगळुरूला जाते. मोठ्या प्रमाणावर गॅस सोडण्याजोगी गोष्ट आपल्या किनाऱ्यावर ती. सध्याच्या वीजदरांत तेही कठीणच, पण निदान प्रश्न तरी योग्य जागी विचारला जाईल.

नवखा

शेवटचा प्रश्न. प्रयोगातला ९०-९५ टक्के मिथेन नेहमीच्या बायोगॅस शेगडीवर जाळला तर चालेल ना?

बांधावरून

तसाच नको. बायोगॅसच्या शेगडीचं जेट मोठ्या भोकाचं असतं, कारण गॅस पातळ. त्यातून दमदार गॅस गेला की हवा कमी पडते, ज्योत पिवळी होते, टोप काळे. हवेची चकती पूर्ण उघडा. तरी पिवळीच राहिली तर लहान भोकाचं जेट बसवा. आणि हायड्रोजन निसटत असेल तर उलटं होतं, ज्योत मागे सरकून बर्नरच्या नळीत पेटते, फट्ट आवाज येतो. तो आवाज आला की शेगडी बंद करा आणि आधी बादलीतलं माप बघा.